हौसेला मोल नाही, हरणाला आहे

मराठीत ‘हौशी’ हे विशेषण फार दिलदार आहे. हौशी नट वाक्य विसरला तर प्रेक्षक टाळ्या वाजवून त्याची वेळ निभावून नेतात. हौशी गवयाचा सूर हलला तर दोष माईकवाल्याच्या पदरात घालता येतो. हौशी आचाऱ्याची भाजी करपली तर घरचे मुकाट्याने खातात. या उदार समाजात अन्याय होतो तो एकट्या हौशी शिकाऱ्यावर, असं निदान त्याचं स्वतःचं मत आहे. त्याच्याकडे गुडघ्यापर्यंतचे बूट आहेत, चौदा खिशांचं खाकी जाकीट आहे, पलीकडच्या डोंगरावरचं पान दाखवणारी बॅटरी आहे आणि नंदुरबारच्या उत्तरेला अख्खा सातपुडा उभा आहे. नाही ती फक्त हरीण मारायची परवानगी. पानटपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत तो हे गाऱ्हाणं सांगतो आणि ऐकणारेही सहानुभूतीने मान डोलावतात. या सदराचं म्हणणं असं की, सहानुभूती अस्थानी आहे. कायद्याने या गृहस्थाचं काहीही हिरावून घेतलेलं नाही. हौशी शिकारीत जाण्याची तयारी असते, जागरण असतं, जेवण असतं आणि परतल्यावर सांगायची हकिगत असते. हरीण त्यात नव्हतंच. जे नव्हतं त्याचीच तेवढी कायद्याने बंदी केली.

आधी कायद्याकडेच पाहू, कारण शिकाऱ्याची इतकी कदर दुसऱ्या कुणी केलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करण्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. आता जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल, बरं न होण्याइतकं जायबंदी वा आजारी असेल किंवा, काही जनावरांच्या बाबतीत, पिकाची नासाडी करत असेल, तरच वरिष्ठ वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने त्याला मारता येतं. चितळ आपल्या जिवावर उठलं होतं हे पटवून देणं शूर शिकाऱ्याला जरा अवघड जाईल. पण खरी गंमत शिकारीच्या व्याख्येत आहे. ठार मारणं, विष घालणं, पकडणं, फास लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं ही शिकार आहेच. शिवाय यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न हीसुद्धा शिकारच आहे. पिढ्यान् पिढ्या हौशी शिकाऱ्याच्या चुकलेल्या बाराला मित्रमंडळी हसत आली. कायद्याने मात्र त्या चुकलेल्या बाराला थेट शिकारीचा दर्जा दिला. एवढा सन्मान झाल्यावरही माणूस कुरकुर करतो, याला काय म्हणावं?

नेम चुकणं ही मात्र केवळ नवशिक्यांची मिरास नाही. हरणाच्या मागे लागून कुणाचं भलं झालं, याचा शोध आपल्या पुराणांत घेतला तर हाती काय येतं? श्रीराम सोन्याच्या हरणामागे गेले आणि मागे काय घडलं ते शाळकरी पोरही सांगेल. नाशिकच्या पंचवटीवर सांगितला जाणारा हा प्रसंग महसुली भाषेत बोलायचं तर नंदुरबारच्याच विभागातला आहे. त्यांच्या वडिलांनी त्याआधी नुसत्या आवाजावर बाण सोडला आणि पाणी भरायला आलेला श्रावण बाळ गेला. पंडूने हरणाच्या जोडीवर बाण टाकला. ते हरीण म्हणजे रूप पालटलेले किंदम ऋषी निघाले आणि मिळालेल्या शापात पंडूचा अंत झाला. परीक्षित राजा हरणाचा पाठलाग करून दमला, तहानेने चिडला आणि मौनात बसलेल्या ऋषीच्या गळ्यात मेलेला साप अडकवून बसला. त्याला शाप देणाऱ्या ऋषिपुत्राचं नाव होतं शृंगी, म्हणजे शिंगवाला. हरणाचं हुकलं, पण शिंग मिळालं म्हणायचं. जरा नावाच्या व्याधाचा नेम तेवढा अचूक बसला. पण हरीण समजून त्याने ज्यावर बाण सोडला तो श्रीकृष्णाचा पाय होता. यातला जरा सोडला तर बाकी सगळे धनुर्विद्येचे पदवीधर. त्यांची ही गत, तर आठवड्याला एक सुट्टी मिळणाऱ्या आणि दुकानदाराच्या सांगण्यावरून दुर्बीण विकत घेणाऱ्या माणसाने कशाच्या जोरावर आशा धरावी? आकाशातसुद्धा व्याध युगानुयुगं मृगाच्या मागे आहे. त्याचा बाण मृगाच्या पोटात रुतलेला दिसतो, तरी मृग पडत नाही आणि व्याध पोचत नाही.

आता आकाशातून जमिनीवर, म्हणजे अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या चढावर येऊ. हौशी शिकारी उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो, कारण तेव्हा सागाची पानगळ झालेली असते आणि लांबवरचं दिसतं. लांबवरचं हरणालाही दिसतं, हे त्याच्या लक्षात येत नाही. खाली पडलेलं सागाचं वाळकं पान पापडासारखं मोडतं. त्यावरून चौदा खिशांचं जाकीट घालून चालणं म्हणजे दवंडी पिटत जाणं. सकाळी ऊन चढलं की वारा दरीतून वर चढतो, दिवस कलला की उताराने खाली येतो. शिकाऱ्याने पहाटे अंगाला चोपडलेलं डासांचं मलम त्या वाऱ्यावर त्याच्या आधी डोंगरमाथ्यावर पोचतं. झाडावरचं वानर खाकरतं, चितळ शिटीसारखा आवाज काढतं, सांबर ‘ढांक’ करून इशारा देतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं. साऱ्या रानाला बातमी कळते. एकट्या शिकाऱ्याला वाटत असतं की आपण लपलो आहोत. शिवाय ज्याला तो सरसकट ‘हरीण’ म्हणतो, ते एक जनावर नाही. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगं भरीव. ती गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा यांची पोकळ शिंगं जन्मभर डोक्यावर राहतात. यांतली कित्येक जनावरं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि तिथे शिक्षा किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची आहे. पण रात्री बॅटरीच्या झोतात फक्त दोन डोळे चमकतात, अनुसूची चमकत नाही. ते डोळे हरणाचे, की पाड्यावरच्या चुकार शेळीचे, हेही बार उडाल्यावरच कळतं. मोहाच्या दिवसांत तर पहाटेच्या अंधारात झाडाखाली जसं हरीण फुलं खायला येतं, तशी बायामाणसं फुलं वेचायला येतात. दशरथाची कथा वाचून रडणाऱ्याने आवाजावर बंदूक रोखू नये, एवढं तरी त्या कथेतून घ्यावं.

इथे पहिला आक्षेप येतो. आमचे आजोबा मारत होते, त्यांचा नेम बसत होता, दिवाणखान्यात शिंगं अजून टांगलेली आहेत. मग तुम्ही कसं म्हणता की हौशी शिकारीत हरीण नव्हतंच? मुद्दा रास्त आहे, म्हणून त्या शिंगांचा हिशेब नीट मांडला पाहिजे. माग कुणी काढला? रानातल्या माणसाने. पाणवठा कुणी दाखवला? त्यानेच. मचाण कुणी बांधलं, हाकारा कुणी घातला, काट्याकुट्यांतून पत्र्याचे डबे बडवत जनावर बंदुकीसमोर कुणी आणून उभं केलं, मेलेलं धूड खांद्यावरून खाली कुणी उतरवलं? आजोबांच्या वाट्याला तर्जनी तेवढी आली होती. नेम बसला तर फोटोत ते बसले, चुकला तर हाकारे नीट नव्हते. नाचता येईना, अंगण वाकडं. खानदेशात ही वहिवाट जुनी आहे. १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारायला आलेल्या जेम्स आउट्रम याच्या नावावर पुढच्या दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघ जमा झाले, पण माग काढणाऱ्या भिल्लांपैकी कुणाचं नाव आपल्याला पाठ आहे? वाघ साहेबाचा, पायपीट भिल्लाची. त्या हिशेबाचा परिणाम असा की, आज या जिल्ह्यात वाघापेक्षा पाड्यावरच्या वाघदेवाची गाठ पडण्याचा संभव पुष्कळच जास्त आहे.

परंपरेचंच बोलायचं तर ती खरी कुणाची, हेही पाहावं. नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत जवळजवळ सात आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी यांची रानाशी असलेली ओळख हौशी माणसाच्या बुटांहून फार जुनी. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे जमिनीवरचे, वनोपजावरचे, चराईवरचे हक्क मान्य केले. आणि त्याच कायद्याने शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. म्हणजे ज्याच्या पोटाशी शिकारीचा संबंध होता, त्याला तिच्यावर कायमचं पाणी सोडावं लागलं. आणि ज्याच्या पोटाला आधीच डॉक्टरांनी पथ्य सांगितलं आहे, तो गृहस्थ परंपरा बुडाली म्हणून गळा काढतो. तीरकामठा हातात असला की तो चोर आणि दुर्बिणीची बंदूक हातात असली की तो शौकीन, ही भाषा शंभर वर्षं चालली. निदान कागदावर तरी आता दोघं एकाच कलमात बसतात. हौशी मंडळींचा खरा सल इथे असावा अशी आम्हाला शंका आहे.

दुसरा आक्षेप परदेशातून येतो. अमेरिकेत म्हणे रीतसर हरणं मारतात आणि त्याच पैशांतून जंगल राखतात. हे खरंच आहे. तिथे १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला लावला आहे. पण तिथल्या बहुतेक मुलखातून माणसांनी आधी लांडगे संपवले, मग हरणं बेसुमार वाढली आणि आता लांडग्याचं काम माणसाला परवाना काढून करावं लागतं. आपल्याकडे उलटा मामला आहे. शहादा-तळोद्याच्या ऊसपट्ट्यातून बातम्या येतात त्या बिबट्याच्या, आणि तो शेळ्या-कुत्र्यांवर गुजराण करतो. हरणं उदंड झाली म्हणून कुणी ग्रामसभेत तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. ज्या रानात बिबट्यालाच हरीण परवडत नाही, तिथे हौशी माणसाने वाटेकरी म्हणून जाणं म्हणजे दुष्काळात पंगतीला आगंतुक जाण्यासारखं. शेतकऱ्याच्या पिकाची कळकळ दाखवणाऱ्यांना उत्तर आणखी सोपं आहे. पिकाची नासाडी करतात ती मुख्यतः रानडुकरं आणि रोही, आणि त्यांच्यासाठी सरकारने परवानगीची वाट ठेवलेली आहे. पण त्या वाटेवर हौशी मंडळींची गर्दी दिसत नाही. डुकराचं मुंडकं दिवाणखान्यात शोभत नाही ना!

तिसरा आक्षेप जरा भारदस्त आहे: शिकारीतूनच माणूस निसर्ग शिकतो, जिम कॉर्बेट पाहा, आपले व्यंकटेश माडगूळकर पाहा. जरूर पाहावं. पण नीट पाहिलं तर दिसतं ते असं की, कॉर्बेट पुढे बंदुकीपेक्षा कॅमेऱ्यात रमला आणि माडगूळकरांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ‘सत्तांतर’साठी, म्हणजे वानरांच्या टोळ्यांकडे तासन् तास पाहत बसण्यासाठी. बंदुकीने त्यांना रानात नेलं असेल. मोठं केलं ते बघण्याने. हौशी शिकारी या दोघांच्या चरित्राचा पूर्वार्ध वाचून पुस्तक मिटतो.

तर मग या छंदाची खरी कमाई कोणती? ती हरणात नसून हकिगतीत आहे. हुकलेलं हरीण दर वर्षी थोडं वाढतं, त्याच्या शिंगांना नवे फाटे फुटतात, अंतर दोनशे पावलांवरून चारशेवर जातं. मेलेल्या हरणाला ही सोय नाही. त्याचं माप घेता येतं. शिवाय मेलेलं हरीण फार काळ पाठ सोडत नाही. १९९८ मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणीत दोन काळविटांची शिकार झाली. त्या प्रकरणात सलमान खानला खालच्या न्यायालयाने ५ वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ मध्ये. तो जामिनावर सुटला आणि प्रकरण अपिलात गेलं. वीस वर्षांच्या तारखा परवडायला सलमान खानच असावं लागतं. नंदुरबारच्या हौशी माणसाला तळोद्याची एक तारीख म्हणजे दुकानाचा एक दिवस बंद.

आणि ज्याला बंदुकीवाचून बाकी सगळं हवं आहे, त्याची सोय सरकारने केव्हाच करून ठेवली आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री राज्यातल्या अनेक अभयारण्यांत आणि व्याघ्र प्रकल्पांत पाणवठ्याकाठच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसवतात. या सातपुड्याच्याच पूर्वेकडच्या मेळघाटातही बसवतात. मचाण तेच, डास तेच, आखडलेले पाय तेच, पहाटे तीनला लागणारी तीच डुलकी आणि नेमकं तेव्हाच पाणी पिऊन गेलेलं तेच सांबर. हातात बंदुकीऐवजी वही असते; नेम चुकला तर खाडाखोड करता येते. सकाळी परतताना थापही तीच मारावी, तिच्यावर कुठल्याच अनुसूचीत बंदी नाही. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं आहे. पण हरणाला आहे, आणि ते वर्षांत मोजतात: कमीत कमी ३, जास्तीत जास्त ७.