धुरा, कुलूप आणि हेग

भांडण धुऱ्याचं होतं, तेही दीड हाताच्या. शेजाऱ्याने नांगराचं एक तास जास्त काढलं, असं एकाचं म्हणणं. धुरा मुळातच तिथे नव्हता, असं दुसऱ्याचं. तहसीलीत तारीख होती, साहेब मीटिंगला गेले होते, म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. बाहेरच्या टपरीवर अर्धा चहा बशीत ओतून फिर्यादी म्हणाला, "आता मांगं हटत नाही म्या. हेगले जाईन, पन धुरा सोडनार नाही!"

हेग हे गाव कारंजाच्या अलीकडे की पलीकडे, असं कुणीच विचारलं नाही. मोबाईलमुळे आंतरराष्ट्रीय कायदा वाशीम जिल्ह्यात सोयाबीनपेक्षा जास्त पिकतो, आणि त्याला पाऊसही लागत नाही. हेगच्या फौजदारी न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्या नावाने अटक वॉरंट काढलं, हे टपरीवर सगळ्यांना पाठ. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन मंगोलियाला गेले. मंगोलिया त्या न्यायालयाचा सभासद, म्हणजे पाहुण्याला धरून देणं त्याला बंधनकारक. त्यांनी लाल गालिचा अंथरला. आमच्याकडे वॉरंटातला पुढारी लग्नात अक्षता टाकतो आणि वॉरंटवाला शिपाई त्याच पंगतीत पाठ फिरवून जिलेबी खातो, याची आम्हाला उगाच लाज वाटायची. ती जागतिक दर्जाची प्रथा निघाली.

कोपऱ्यात एक निवृत्त तलाठी बसले होते. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, आवाज सातबाऱ्यासारखा कोरडा. ते म्हणाले, "हेगले कायले जाता भाऊ? आपलं शिरपूर लंडनले जाऊन आलं. इचारा तिथं काय झालं ते."

मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन. तिथे अंतरीक्ष पार्श्वनाथ. मूर्ती जमिनीला टेकत नाही, म्हणून अंतरीक्ष. पूर्वी खालून घोडेस्वार जायचा म्हणतात, आता कापड जातं. देव अधांतरी होता, त्यात अडचण काहीच नव्हती. अडचण जमिनीवर टेकलेल्या माणसांची. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही पंथांचं हे तीर्थ, आणि पूजा कुणी, कधी, कशी करायची हा वाद. १९०५ मध्ये समजूतदार मंडळींनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. मूर्तीच्या लेपावरून ते फिसकटलं. १९१० मध्ये दावा अकोल्याच्या कोर्टात गेला. अकोल्यात, कारण १९०५ मध्येच इंग्रजांनी वाशीम जिल्हा मोडीत काढला होता. तो परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडलं. जिल्हा हा आमच्याकडे न्यायालयीन निकालापेक्षा जरा लवकर येतो, इतकंच.

अकोल्याचा हुकूमनामा १९१८ मध्ये झाला. नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरचा निकाल १९२३ मध्ये. तिथून प्रकरण बोटीत बसलं आणि ९ जुलै १९२९ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने शेवटचा शब्द दिला. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे, पूजेचा हक्क दोघांनाही, आणि वेळा? १९०५ च्याच. दावा लागल्यापासून एकोणीस वर्षं, तीन पायऱ्या, सात समुद्र, आणि शेवटी शिरपूरकरांनी गावातच बसून लिहिलेलं वेळापत्रक लंडनहून परत.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती माझ्या ओळखीच्या एकाही वकिलाने मला कधी सांगितली नाही. १९२९ मध्ये शिरपूर इंग्रजांचं नव्हतंच. वऱ्हाडचा कागदोपत्री धनी हैदराबादचा निजाम. १८५३ च्या तहाने इंग्रजांनी वऱ्हाड फौजेच्या खर्चापोटी ताब्यात घेतलं आणि १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते कायमच्या पट्ट्याने लिहून घेतलं. भाडं वर्षाला पंचवीस लाख. सार्वभौमत्व निजामाचं, ताबा इंग्रजांचा. त्याआधी निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली इथे नांदून गेलेली, तेव्हा दोन धन्यांची आम्हाला सवय होतीच. इंग्रजी कायदे इथे कायदे म्हणून लागू नव्हते, परमुलुखातल्या अधिकाराच्या हुकुमाने 'लावलेले' होते. थोडक्यात, निजामाच्या मुलखातल्या देवळाचा वाद इंग्रजांनी परक्या मुलखात चालवलेल्या कोर्टात लागला आणि इंग्लंडच्या राजाच्या सल्लागारांनी मिटवला. प्रिव्ही कौन्सिल तांत्रिकदृष्ट्या कोर्टही नव्हे. ते राजाला सल्ला देतं. राजाने शिरपूर नकाशात शोधलं असेल का, हा माझा जुना कुतूहलाचा विषय आहे.

दरम्यान निजामाने वऱ्हाड परत मागितलं. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला पत्र लिहून सुनावलं, की ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू नये. भाडेकरूने मालकाला असं लेखी कळवल्याचं दुसरं उदाहरण तलाठीबुवांच्या चाकरीतही नव्हतं. मग १९३६ मध्ये समजूत म्हणून निजामाला नावापुढे 'आणि वऱ्हाड' लावायला दिलं, युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' केलं. शेत मिळालं नाही, पण फळ्यावर नाव लागलं. गावातल्या पाणपोईवर लावतात तसं.

देवाची मूर्ती किती अंतरीक्ष हे भाविकांनी ठरवावं. वऱ्हाडचं सार्वभौमत्व मात्र नक्कीच अंतरीक्ष होतं. खालून कापडच काय, अख्खी कापसाची गाडी गेली असती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लंडनचा निकाल आला, वाद राहिला. १९४९ मध्ये आपण प्रिव्ही कौन्सिलचा रस्ता बंद केला. (मॉरिशसने केला नाही. तिथल्या मराठी माणसाला आजही धुऱ्यासाठी लंडन गाठायची सोय आहे. पूर्वज कोकणातून गेले, तरी ही चैन टिकवली.) १९८१ मध्ये शिरपूरच्या देवाला कुलूप लागलं आणि लोक झरोक्यातून दर्शन घेऊ लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार उघडायला सांगितलं, मार्चमध्ये ते उघडलं. त्याच मार्चमध्ये, ज्यात हेगहून वॉरंट निघालं. बेचाळीस वर्षांत किल्ली कुणाच्या खिशात, यावर जितका कायदा लिहिला गेला तितका अंतराळाच्या वाटणीवरही लिहिला गेला नसेल.

टपरीवर शांतता पसरली. फिर्यादीने उरलेला चहा बशीतून पुन्हा कपात ओतला. मग तलाठीबुवाच म्हणाले, "अन् त्या निजामाच्या भाड्याचं काय झालं, सांगा बरं."

भाड्याचं मला ठाऊक नव्हतं, पैशाचं ठाऊक होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये, भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या त्या सुमाराला, निजामाच्या सरकारचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यात वळवले गेले. निजाम म्हणाला, परत द्या. बँक म्हणाली, कुणाला? १९५७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, पाकिस्तान सार्वभौम आहे, त्याच्यावर त्याच्या मर्जीविना खटला चालत नाही. पैसा तिथेच व्याजासह फुगत बसला. २०१३ मध्ये पाकिस्तान स्वतःच कोर्टात उतरलं आणि सार्वभौमपणाची ढाल आपण होऊन खाली ठेवली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या कोर्टाने निकाल दिला: रक्कम आता साडेतीन कोटी पौंडांच्या घरात, हक्क निजामाच्या वारसांचा आणि भारत सरकारचा. वारस म्हणजे दोन नातू. बाप कोण? तोच, प्रिन्स ऑफ बेरार. आमच्या वऱ्हाडचा युवराज.

तलाठीबुवांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. धनी कोण, ताबा कुणाचा, पट्टा कधीचा, बोजा किती, वारस कोण. माणूस चाळीस वर्षं हेच लिहीत आला होता, फक्त गट नंबर लहान होते. एकाहत्तर वर्षं ऐकून त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. आपल्या दप्तराची उगाच बदनामी झाली, अशा चेहऱ्याने ते सरळ बसले.

"म्हंजे वारसान लागली," ते म्हणाले. "फेरफार झाला काय?"

तेवढ्यात तहसीलीतून शिपाई बाहेर आला. साहेब मीटिंगहून परस्पर दुसऱ्या मीटिंगला गेले होते. धुऱ्याला पुढच्या महिन्याची तारीख मिळाली. फिर्यादीने ती मोबाईलमध्ये टाकली, शेजाऱ्याकडून पेन मागून हातावरही लिहिली, आणि दोघं एकाच मोटारसायकलवर बसून गावाला गेले, कारण दुसऱ्याची गाडी पंक्चर होती.