कासवीणबाईंच्या घरच्या भानगडी

ऐकलंत का? आमच्या सोसायटीतले निम्मे लोक यंदाही वेळासला पळाले! ऐन मार्चात, पोरांच्या परीक्षा तोंडावर असताना! मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात कुणाच्या तरी पडवीत सतरंजीवर झोपायचं, पहाटे उठायचं आणि वाळूत दोरीपाशी ताटकळायचं. कशासाठी? तर टोपलीखालून कासवाची पिल्लं निघतात का, ते बघायला!

बरं, ज्यांच्यासाठी ही धावपळ, त्यांच्या घरची तऱ्हा तरी ऐका. ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण रात्री एकटीच किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, अंग धपाधप आपटून वाळू दाबते आणि सरळ समुद्रात चालती होते. पोरांकडे पुन्हा ढुंकून बघेल तर शपथ! एकाच खड्ड्यातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, असं शास्त्रज्ञच सांगतात. आमच्या तोंडी घालू नका. मुलगा की मुलगी, हे ठरवते वाळूची ऊब. वाळू जास्त तापली की मुलीच मुली.

शेजार तर विचारूच नका. वाळूच्याच रंगाचा तो खेकडा देठावरचे डोळे ताणून बिळाच्या तोंडाशी टपलेला, पिल्लू दिसलं की गट्टम! खाली ओल्या वाळूत त्याचे चिमुकले भाऊबंद. वाळूतलं खाणं चोखून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडतात. घरची रांगोळी खुशाल तुडवत जाणारे आमचे शेजारी तिथे म्हणे पाऊल जपून टाकतात!

आणि मर्यादवेल? जांभळी फुलं मिरवत वाळूच्या टेकडीभर पसरलेली. वाळू धरून ठेवते बिचारी, अन् लोक तिच्यावरच लोळून सेल्फी काढतात.

एके काळी कासवांची अंडी कुत्र्याकोल्ह्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जायची. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने गावकऱ्यांच्या साथीने ती कुंपणात जपायला घेतली. पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात, नेमका दिवस कुणीच सांगू शकत नाही. तरी एक पाहुणे म्हणे विचारत होते, “आज नाही निघाली तर पैसे परत?”

वेड आहे खरं, पण लागावं असंच. तुम्हीही जा. फक्त गाडी वाळूवर घालू नका, वेल तुडवू नका, रात्री बॅटरी पाजळू नका आणि दोरीच्या अलीकडेच उभे राहा.