शब्दांची मूळव्याध

सोसायटीच्या वार्षिक सभेला माणसं जमली नाहीत की सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते. हा अर्धा तास काकांचा. बाकीचे चहाकडे वळायच्या आत ते सेक्रेटरीला गाठतात. "कोरम कोरम करता, पण कोरम म्हणजे काय?"

"गणपूर्ती," असं म्हणून सुटका होत नाही. काका थेट जुन्या इंग्लंडात नेतात. तिथे गावोगावच्या मॅजिस्ट्रेटांच्या नेमणुकीचं फर्मान लॅटिनमध्ये निघे. कायद्याची जाण असलेल्या निवडकांची नावं त्यात पुन्हा येत आणि मजकूर असे, 'ज्यांपैकी तुम्ही एक असावं'. त्यातला 'ज्यांपैकी' म्हणजे कोरम. "थोडक्यात, आपली सभा षष्ठीच्या अनेकवचनासाठी खोळंबलीय!" यावर काका एकटेच हसतात.

अशी माणसं बहुधा निवृत्त असतात. पुठ्ठा सुटलेली डिक्शनरी त्यांच्या उशाशी असते. आपण शब्दाचा अर्थ बघून ती मिटतो. हे अर्थ ओलांडून शेजारच्या, व्युत्पत्तीच्या चौकोनी कंसात शिरतात आणि जेवायला हाक मारली तरी बाहेर येत नाहीत. नातवाने कौतुकाने दंड फुगवून दाखवला तर, "मसल म्हणजे मुस्कुलुस, उंदराचं पिल्लू." "काहीतरीच, बेटकुळी आहे ती," हे काकू स्वयंपाकघरातून. रोमनांना कातडीखाली उंदीर दिसला आणि आपल्याला बेडूक, या आनंदात काकांची पोळी गार होते.

एक मात्र मानलं पाहिजे, काका थापा मारत नाहीत. रोमन सैनिकांना पगार मिठात मिळे, हा मेसेज ग्रुपवर आला की लगेच खुलासा येतो: सॅलरीच्या मुळाशी 'साल' म्हणजे मीठ आहे हे खरं, पण पगारादिवशी मिठाची पोती वाटल्याचा पुरावा नाही. यामुळे ते ग्रुपवर फारसे लोकप्रिय नाहीत.

अर्धा तास संपतो. आता कोरम लागतच नाही, त्यामुळे सभा सुरू होते. टाकीच्या गळतीवर बोला म्हटलं तर काका गप्प. मग खजिनदार घाईघाईने म्हणतात, "हिशोब ऑडिट झालेत, मंजूर समजूया."

"थांबा. ऑडिट हे 'औदीरे'वरून, म्हणजे ऐकणे. पूर्वी हिशोब मोठ्याने वाचून दाखवत. वाचा."

सगळे घड्याळाकडे बघतात. खजिनदार चष्मा पुसतात. "जिन्यातला बल्ब, एक नग…"