अहो, तिनं फ्लॅट घेतला!

आमच्या वेळी मुली पळून जायच्या. त्यात एक रीत होती. उशीखाली चिठ्ठी, आळंदीला लग्न, आईचं चार दिवस अन्न बंद, आणि वर्षभरात बारशाला सगळी मंडळी पुन्हा एका पंगतीला. हल्लीच्या मुली पळून जात नाहीत. त्या बँकेत जातात, वीस वर्षांच्या हप्त्यांवर सह्या करतात आणि पेढ्यांचा पुडा घेऊन घरी येतात. आता पेढे हातात घेऊन रडायचं तरी कसं?

माझी भाची त्यातलीच. वय ३१, लग्न नाही, हिंजवडीला नोकरी (ताई हे सगळं एका दमात सांगते, मधलं ऐकू जाऊ नये म्हणून), आणि २०२४ च्या दिवाळीआधी पुनावळ्यात वन बीएचके. स्वतःच्या एकटीच्या नावावर! बरं, ती एकटी नाही; तिच्या ऑफिसातल्या आणखी दोघींनी घेतलेत. साथच आहे म्हणा ना. मी आपलं समजुतीनं म्हटलं, "अगं, लग्न झालं की नवरा घेईलच की." तर म्हणते, "घेऊ दे की मावशी. दोन होतील."

कारण विचारलं तर भाड्याचं रडगाणं. पाच वर्षांत चार घरं. अकरा महिन्यांचा करार संपला की घरमालकाला अचानक गावाहून येणारा पुतण्या आठवतो. रात्री दहाच्या आत या, मित्र आणू नका, मैत्रिणी आणल्या तर किती वाजता जाणार ते सांगा, अंडी उकडू नका. एका मालकीणबाईंनी तर बाल्कनीतल्या दोरीवर काय वाळत घालायचं याचीही यादी दिली होती. हे सगळं ऐकून मी म्हटलं, बरोबरच आहे की, काळजीपोटीच करतात लोक. भाची म्हणाली, "काळजीचे महिना बावीस हजार देत होते मी."

आणि सरकारचीच फूस असल्यावर आपण काय बोलणार? २०२१ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारनं जाहीर केलं की घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. तेव्हा निदान अट तरी होती, की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. (ताईचा पहिला प्रश्न: "जावयालासुद्धा नाही?") २०२३ मध्ये ती अटही काढली. भाचीचे ५२ लाखांवर ५२ हजार वाचले. त्यात फ्रिज आणि वॉशिंग मशीन आलं. पूर्वी ते रुखवतात मांडायचे.

कायद्याचं निघालंच आहे तर आमचंही ऐका. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना सोडून. कायदा आला जूनमध्ये. माझं लग्न त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात झालेलं. पुढे २००५ मध्ये केंद्रानं ती भानगड मिटवली, पण तोवर दादानं वाडा बिल्डरला देऊनही टाकला होता. असो. विषय भाचीचा चाललाय.

डाऊन पेमेंट कुठून आणलं? हे मात्र दार लावून सांगायची गोष्ट. ताईनं हिच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या मोडल्या! सोनं तोळ्याला ७० हजारांच्या वर गेलेलं. ताई स्वतः सराफाकडे गेली, भावजींना न सांगता. "लग्न ठरलं की मग?" मी विचारलं. ताई म्हणाली, "तेव्हा ती करून घेईल." ताईसुद्धा बिघडली!

खरी मजा वास्तुशांतीला आली. गुरुजींचा फोन, "यजमान कोण?"
"मुलगी."
"हो हो, पण यजमान?"
भावजी-ताई पाटावर बसतील असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. भाची म्हणाली, "हप्ता मी भरणार आणि पाटावर बाबा?" मग कोणीतरी शास्त्र काढलं, की बायको हजर नसली तर पुरुष कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो. झालं! "म्हणजे बायकोच्या जागी सुपारी चालते? मग नवऱ्याच्या जागी काय चालतं?" गुरुजी गप्प. आमचे हे हळूच म्हणाले, "नारळ." त्यांना मी डोळ्यांनीच बसवलं, पण हसू मलाही आवरेना. शेवटी ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्य शिकलेल्या एक बाई आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "घर कोणाचं? मग तीच बसेल." दीड तासात होम आटोपला आणि प्रत्येक मंत्राचा अर्थही सांगितला. अर्थ कळल्यावर पूजेत डुलकी काढायची सोय राहत नाही, ही माझी तक्रार आहे.

जेवणं झाल्यावर आमच्या तळमजल्यावरच्या काकूंनी घर बघायच्या निमित्तानं बेसिनखालचं कपाटही उघडलं. बाटली शोधत होत्या. फिनेलची निघाली.

दारावर पितळी पाटी आहे. तिचं नाव, तिचं आडनाव, बस. पुण्याला तसा असल्या धक्क्यांचा सराव आहे म्हणा. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या, बिनलग्नाच्या मुलींच्या मनातलं छापल्याबद्दल केवढा गहजब झाला होता, आणि या विभावरी शिरूरकर कोण म्हणून शोधाशोध! त्या निघाल्या बाळूताई खरे. त्यांना नाव लपवावं लागलं. हिनं ते पितळेत कोरून घेतलंय आणि दर रविवारी ब्रासो लावून चमकवते.

स्थळं येतात अजून. मुलाकडचे पोहे खाता खाता विचारतात, "लग्नानंतर हप्ता कोण भरणार?" ती म्हणते, "मीच. तुम्ही राहायला आलात तर मेंटेनन्स अर्धा." त्यावर पोह्यांची पुढची बशी कोणी मागत नाही.

एक किल्ली तिनं माझ्याकडे ठेवलीय, झाडांना पाणी घालायला. झाडं दोन, एक कोरफड आणि एक निवडुंग. दर गुरुवारी दुपारी दोन बस बदलून मी कोथरूडहून जाते. खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. पंखा पाचवर ठेवते. चहा एकच कप, माझा, आलं भरपूर घातलेला. कोणी हाक मारत नाही. पाचच्या सुमारास निघते. घरी विचारलं तर सांगते, ऊन फार आहे, झाडं सुकतात.

गेल्या महिन्यात निवडुंग कुजला. जास्त पाण्यानं होतं म्हणे तसं. भाची काही बोलली नाही. नवा आणून ठेवला.