कुळाचा कागद आणि तीन कुत्री

बर्मिंगहॅम

अण्णाकाका,

चिरंजीव इकडे नोकरीला येताना तिन्ही कुत्री बरोबर आणणार आणि आल्याआल्या त्यांची नावं इथल्या केनेल क्लबात घालणार, असं तुम्ही लिहिलंत. त्यावरून पेणच्या घरात दोन तट पडले आहेत म्हणे. तुमचं म्हणणं, जातिवंत जनावराचा कागद झालाच पाहिजे. काकूंचं म्हणणं, माणसांच्या व्हिसाचा पत्ता नाही तिथे कुत्र्यांची कुळं कसली काढता. मत विचारलंत म्हणून सांगतो. कागद करावा, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे आधी नीट समजून घ्यावं. त्यात कुत्र्याच्या आईबापांची, आजा-पणज्यांची नावं असतात. कुत्रं कसं आहे, हे त्यात नसतं. आपल्याकडे स्थळ आलं की कूळ, गोत्र, देवक सगळं विचारून झाल्यावर मुलाची तब्येत कशी आहे हे कुणीतरी उठता उठता विचारायचं, त्यातला हा प्रकार आहे.

पहिली गोष्ट अशी की कुत्र्याला या देशात यायला कूळ लागतच नाही. सरकारला कुत्र्याच्या रक्तात रस आहे, पण तो निराळ्या अर्थानं. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लशीनंतर किमान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, त्यात प्रतिपिंडं मिलिलिटरमागे निदान 0.5 युनिट, आणि नमुना घेतल्या तारखेपासून पुढे पूर्ण तीन महिने थांबायचं. निघण्याआधी मुंबईच्या पशू संगरोध कार्यालयाचा दाखला. इथे उतरण्याच्या 24 ते 120 तास आधी पट्टकृमीचं औषध, तेही डॉक्टरांच्या सहीनिशी. म्हणजे चार महिन्यांची बेगमी तर झालीच. या सगळ्यात मुंबईहून मोल देऊन आणलेला लॅब्राडॉर आणि काकूंच्या माहेरची, रोह्याची गावठी कुत्री एकाच रांगेत उभी राहतात, आणि एकाच मालवाहू दालनातून येतात. चिरंजीवांनी धावपळ करायची ती या कागदांसाठी.

केनेल क्लब ही सरकारी कचेरी नव्हे. 1873 साली लंडनात काही हौशी मंडळींनी काढलेली ती खाजगी संस्था आहे. परदेशी कुत्र्याचं नाव तिच्या वहीत चढवायचं तर मायदेशच्या क्लबानं दिलेली, परदेशी पाठवण्यासाठीची खास वंशावळ लागते. भारतातून ती चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडून घ्यायची, आणि त्याआधी कुत्रं चिरंजीवांच्या नावावर झालेलं हवं. हे तिथून निघण्यापूर्वीच उरकावं. इथे आल्यावर हात चोळत बसण्यात अर्थ नाही. लॅब्राडॉरचं काम त्यामुळे सरळ आहे, कारण ही जात इथल्या वहीत 1903 पासून आहे.

घोडं अडतं ते सांगलीकडून आणलेल्या कारवानी कुत्र्यापाशी. दख्खनचा हा शिकारी, लांब पायांचा, पोट पाठीला लागलेला, सशामागे सुटला तर डोळ्यांनीच माग काढणारा. चेन्नईच्या क्लबात तो कारवान हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबात मुधोळ हाउंड. एकाच घरातल्या दोन भावांची आडनावं दोन रेशनकार्डांवर वेगळी लागावीत तसं. मुधोळच्या घोरपड्यांनी त्याला राजाश्रय दिला, 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, तरीही इंग्लंडच्या वहीत त्याच्यासाठी पानच नाही. त्याचा अरबस्तानाकडचा चुलता सलुकी मात्र 1923 पासून तिथे मानानं बसला आहे. सलुकी जास्त जातिवंत आणि कारवानी कमी, असं यावरून ठरत नाही; सलुकी पाळणाऱ्यांनी इथे मंडळ काढून खटपट केली, कारवानीच्या मागे तसं कुणी उभं राहिलं नाही, इतकंच ठरतं. जॅक रसेल टेरियरचं उदाहरण तर याहून गमतीचं. ज्या पाद्र्याच्या नावानं तो ओळखला जातो, तो जॉन रसेल क्लबाच्या अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी. जॅक रसेल या जातीला मान्यता मिळाली ती 2016 साली, पाद्रीबुवा जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झाल्यावर. मधली सगळी वर्षं ते कुत्रं उंदीर मारत आणि कोल्ह्यांची बिळं उकरत होतंच.

यावर तुम्ही म्हणाल, वही बाहेरच्या रक्ताला बंद ठेवली म्हणूनच जात शुद्ध राहते. राहते, आणि तिथेच खोट आहे. बंद वहीत सोयरिकी फिरून फिरून त्याच घरांत होतात. 2008 साली बीबीसीनं यावर एक माहितीपट दाखवला आणि केवढा गहजब झाला. पुढच्या वर्षीपासून बीबीसीनं क्लबाचं क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं प्रदर्शन दाखवणं सोडलं, आणि क्लबानं बाप-लेक, माय-लेक, सख्खे भाऊ-बहीण यांच्या पिल्लांची नोंद बंद केली. 2009 साली! आपल्याकडे सगोत्र म्हटलं की पाटावर बसलेली मंडळी उठायची, आणि हे लोक 136 वर्षं सख्ख्या भावंडांची लग्नं वहीत लिहून घेत होते. (आपलंही मामाच्या मुलीबाबत सोवळं नव्हतंच, हे काकू लगेच काढतील, म्हणून मीच लिहितो.) डाल्मेशियनचं पाहा. त्या जातीत लघवीतल्या युरिक आम्लाचा दोष इतका मुरला की जातीत निर्दोष जनुक उरलंच नव्हतं. मूतखड्यानं कुत्री हैराण. 1973 साली अमेरिकेत एका शास्त्रज्ञानं एकदाच पॉइंटर जातीशी संकर घडवला आणि पुढे परत डाल्मेशियनशीच. कित्येक पिढ्यांनंतर त्या वंशातली निरोगी कुत्री इंग्लंडात आली, 2011 साली क्रफ्ट्सच्या रिंगणात उतरली, तरी काहींनी नाकं मुरडलीच. ठिपके बरोबर होते, लघवी साफ होती, आक्षेप होता तो पणजीच्या पणजीवर.

काकू म्हणतील, मग टाका तो कागद चुलीत. तसंही नाही. लॅब्राडॉरच्या खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आनुवंशिक आहे. इथे ब्रिटिश व्हेटर्नरी असोसिएशन आणि क्लब मिळून खुब्यांचा एक्स-रे तपासतात, दर खुब्याला 0 ते 53 गुण, दोन्ही मिळून 106, आणि जितके कमी तितकं चांगलं. गुण कमी पडल्याचा आनंद मानायची एवढी एकच परीक्षा माझ्या माहितीत आहे. हे गुण कुत्र्याच्या नावावर लागतात. आई कोण, आजोबा कोण हे कागदावर असेल तरच त्यांचे खुबे कसे होते हे शोधता येतं. बसक्या नाकाच्या कुत्र्यांनाही 2019 पासून तीन मिनिटं चालवून, गळ्याला नळी लावून श्वासाची प्रत ठरवून देतात. कागदाचा खरा उपयोग हा. मात्र तपासण्या न करता नुसती नावं असलेला कागद दाखवून कुणी चढा भाव सांगितला, तर तो भाव आजोबांच्या नावाचा आहे हे ओळखावं. शिवाय ती नोंद बहुतांशी पिल्लं विकणाऱ्याच्या सांगण्यावर होते. क्लबाचा माणूस काही बाळंतिणीची खोली पाहायला येत नाही.

तेव्हा माझा सल्ला असा. लॅब्राडॉरची वंशावळ चेन्नईहून आणवा आणि पेणमध्येच, नाहीतर मुंबईत, त्याच्या खुब्यांचा एक्स-रे काढून फाईलला लावा. पुढेमागे इथे पिल्लं झाली तर दोन्ही कामाला येतील. पिल्लांचा विचारच नसेल तर नोंदणीचे पैसे त्याच्या खाण्यावर खर्च करा. कारवानीचा चेन्नईचा कागद जपून ठेवा, पण इथे त्याच्यावरून भांडू नका. आणि रोह्याच्या गावठीला क्लबाचं दार बंद आहे असं मुळीच समजू नका. मिश्र आणि बिनकागदी कुत्र्यांसाठी वेगळी नोंदवही आहे, तीत नाव असलं की उड्या मारायच्या आणि आज्ञापालनाच्या स्पर्धांत उतरता येतं. शिवाय बिनजातींची स्क्रफ्ट्स म्हणून खास स्पर्धा आहे, तिची अंतिम फेरी थेट क्रफ्ट्समध्ये होते. नोंदणीसाठी गावठीची जन्मतारीख तेवढी लागेल. काकूंनी माहेरी फोन करून अंदाजे महिना विचारावा, बाप कोण ते विचारून शेजाऱ्यांशी वाकडं घेऊ नये. नोंदणीच्या फॉर्मात आईबापांची नावं नसली तरी चालतं.

तुमचा पुतण्या