स्लॅबच्या मालाचा अंदाज: घरमालकांस सविस्तर सूचना

स्लॅबला किती माल लागेल हे गणिताने काढायचे असते, असा गैरसमज बांधकामाच्या पुस्तकांनी पसरवून ठेवला आहे. वास्तविक अंदाज तयारच मिळतो. मिस्त्री प्लॉटवर उभा राहतो, तंबाखू मळता मळता चारी कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवतो आणि सांगतो, "शंभर पोती सांगून ठेवा, दादा. कमी पडली तर बघू." स्लॅब सहाशे फुटांचा असो की बाराशेचा, शंभराचा आकडा हलत नाही. 'बघू' म्हणजे कोणी बघायचे, तेही ठरलेले असते.

तरीही काही जणांना स्वतः आकडेमोड करण्याची खोड असते. पुढील सूचना त्यांच्यासाठी. नमुन्याला पंचवीस बाय चाळीसचे घर घेऊ. क्षेत्र १,००० चौरस फूट, स्लॅबची जाडी पाच इंच.

लांबी, रुंदी आणि जाडी यांचा गुणाकार करावा. जाडी आधी फुटांत करून घ्यावी. ती इंचांतच ठेवून गुणल्यास उत्तर पाच हजार घनफूट येते आणि सिमेंटचा दुकानदार उठून आपली खुर्ची तुम्हाला देतो. खरे उत्तर ४१७ घनफूट, म्हणजे सव्वाचार ब्रासला थोडे कमी.

इथे बहुतेक जण वही मिटतात. स्लॅबखाली बीम असतात, हे त्यांना सेंट्रिंगच्या प्लेटा लागल्यावर, वर चढून पाहताना कळते. आपल्या घराच्या चारी बाजूंचे १३० फूट आणि आतले ९० धरले तर बीम झाले २२० फूट. नऊ इंच रुंद आणि स्लॅबच्या खाली दहा इंच उतरलेले. त्याचे १३७ घनफूट होतात. स्लॅबचा एक तृतीयांश माल कोणाच्याच हिशेबात नव्हता! एकूण ५५४ घनफूट. खिडक्यांवरचे छज्जे यात धरलेले नाहीत. ते मिस्त्रीही धरत नाही.

आता सर्वांत नाजूक पायरी. या ५५४ ला १.५४ ने गुणावे. या गुणाकाराने आजवर बरीच घरे अस्वस्थ केली आहेत.  म्हणजे कोरडा माल भरतो ८५३ घनफूट आणि स्लॅब होतो ५५४ चा. मधले तीनशे घनफूट गेले कुठे? सासरे मिस्त्रीकडे बघतात, मिस्त्री बिगाऱ्याकडे, आणि रात्री प्लॉटवर झोपायला माणूस ठेवला जातो. प्रत्यक्षात खडीच्या फटींत वाळू बसलेली असते, वाळूच्या फटींत सिमेंट, आणि मिक्सरने सगळ्यांमधली हवा काढून टाकलेली असते. हे सासऱ्यांना समजावून सांगू नये. राखण्या कामावरून कमी होईल आणि मग खरोखरच वाळू जाईल.

आरसीसीसाठी आयएस ४५६ ने किमान एम २० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे आणि त्याचे रूढ प्रमाण एकास दीड आणि तीन: सिमेंट, वाळू, खडी. म्हणून ८५३ चे साडेपाच भाग करावेत. एक भाग सिमेंट, म्हणजे १५५ घनफूट. पन्नास किलोचे पोते सव्वा घनफुटाला किंचित कमी भरते, तेव्हा १२७ पोती झाली. सांडलवंड धरून १३१ सांगावीत. वाळू सव्वादोन ब्रासच्या वर, खडी पावणेपाचच्या आसपास. ज्यांना एवढे नको त्यांनी ब्रासभर काँक्रीटला तेवीस पोती एवढेच पाठ करावे आणि चारचौघांत हळूच म्हणावे. मान मिळतो.

पोती मोजता येतात. वाळूचे तसे नाही. ती रात्रीच का येते, हा प्रश्न या मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे. ट्रॉली आली की टेप घेऊन वर चढावे. मधे डोंगर आणि कोपऱ्यांत दरी दिसेल. ड्रायव्हर डोंगराची उंची सांगेल, तुम्ही फावड्याने सपाट करून मग मोजावे. त्यातून वाळू ओली असली तर ती फुगलेली असते. ओलाव्याने कणांभोवती पाण्याची साय धरते, कण एकमेकांपासून सुटतात आणि वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत ब्रास आपोआप वाढतो. काचेच्या ग्लासात ओली वाळू भरून बोटाने खूण करावी, भरपूर पाणी ओतून ढवळावे आणि बसू द्यावे. वाळू खुणेच्या जितकी खाली जाईल, तितका तुम्ही पाण्याचा दर वाळूच्या भावाने भरलेला असतो. हा प्रयोग ड्रायव्हरसमोर करावा. तो पाहत नाही, पण करावा.

लोखंडाचे उत्तर इंजिनिअरच्या नकाशावर असते, म्हणून तो नकाशा सेंट्रिंगवाल्याच्या सायकलला अडकवलेल्या पिशवीत असतो. तोवर ढोबळ हिशेब म्हणून स्लॅबच्या घनमीटरला ८० किलो धरावे. आपल्या ११.८ घनमीटरला साडेनऊशे किलो, बीमचे वेगळे. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग करून १६२ ने भागला की मीटरचे वजन मिळते: आठ एमएम ०.३९५ किलो, दहा एमएम ०.६१७. सळई चाळीस फुटी येते आणि तुमची खोली चाळीस फुटी नसते. उरलेल्या तुकड्यांना 'वेस्टेज' म्हणतात. भंगारवाला मात्र त्यांना लोखंडच म्हणतो.

एवढे सगळे करून झाल्यावर जाडीकडे यावे. घरमालक पोत्यामागे पाच रुपयांसाठी तीन दुकाने फिरतो, आणि सेंट्रिंगच्या प्लेटा कुठे दबल्या आहेत ते पाहायला वर जात नाही. सगळीकडे अर्धा इंच जादा पडला तर ४२ घनफूट माल जादा जातो. साडेनऊ पोती! आणि अर्धा इंच कमी पडला तर पोती उरतात, सगळे खूश होतात, आणि ते जास्त वाईट. तेव्हा माल ओतताना पाच इंचांवर खूण केलेला सळईचा तुकडा हातात घेऊन जागोजागी खुपसत फिरावे. मिस्त्री म्हणेल, "दादा, आमच्यावर विश्वास नाही का?" आहे म्हणावे, आणि खुपसावा.

पाणी कोणीच अंदाजात धरत नाही, कारण ते फुकट असते, अशी समजूत आहे. पोत्याला पंचवीस ते तीस लिटर पुरते. मिक्सरवाला ड्रममध्ये बादली ओततो आणि वरचा ओरडतो, "माल बसत नाही, पातळ सोड!" हा आवाज आला की घरमालकाने चहा सोडून मिक्सरपाशी जाऊन उभे राहावे. पातळ माल भराभर पसरतो, दुपारी लवकर सुट्टी होते आणि स्लॅब कच्चा राहतो. सबंध मालाला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. पण दुसऱ्या दिवशी वर आळी करून दोन इंच पाणी साठवायचे म्हटले तर एका भरण्यालाच ४,७०० लिटर हवे. स्लॅब पडतात एप्रिल-मेमध्ये, तेव्हा टँकरवाल्याचा नंबर सिमेंटवाल्याच्या आधी सेव्ह करावा.

दुकानदाराकडून न फोडलेली पोती परत घेण्याचे आधीच कबूल करून घ्यावे. संध्याकाळी चार पोती कमी पडून अर्धवट थांबलेला स्लॅब सांध्यातून पावसाळाभर गळतो, म्हणून चार जादा असलेली परवडतात. शेवटच्या मिक्सरचा थोडा माल उरेलच. त्यासाठी वेगळा हिशेब नको. शेजारच्या काकूंची मोरी, पलीकडच्यांच्या फाटकाचा खड्डा आणि मारुतीच्या देवळाची पायरी मिळून तो किती लागेल हे गल्लीने सकाळीच काढून ठेवलेले असते, आणि घमेली रांगेत लागलेली असतात.