पुढच्या अपडेटमध्ये येईल

आमच्या वाघोलीतल्या सोसायटीत बी विंगच्या काकांना वेळ विचारायची नाही, असा अलिखित नियम आहे. नव्या भाडेकरूंना तो ठाऊक नसतो. ते लिफ्टमध्ये सहज विचारून बसतात, "काका, किती वाजले हो?" काका डावा हात झटक्यात छातीशी आणतात. पडदा उजळत नाही. पुन्हा झटकतात. आता उजळतो, पण त्यावर काल रात्रीच्या झोपेचा आलेख असतो. तो बोटानं सरकवला की नाडीचे ठोके येतात, मग ऑक्सिजन, मग हवामान, मग कुणीतरी पाठवलेलं अर्ध्यावर कापलं गेलेलं 'शुभ सका'. तोवर भाडेकरूचा मजला येऊन गेलेला असतो. "हात उचलला की आधी वेळ दिसली पाहिजे," दार बंद होता होता काका सांगतात, "मी कळवलंय त्यांना. पुढच्या अपडेटमध्ये येईल."

'त्यांना' म्हणजे कुणाला, हे सोसायटीत कुणालाच माहीत नाही. काकांनाही नसावं.

असा एकेक काका आता नगर रस्त्यावरच्या बहुतेक सोसायट्यांत सापडतो. पहाटे साडेपाचला पांढरे बूट घालून तो बाहेर पडतो आणि पावलं कमी भरली तर रात्री जेवणानंतर पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारतो. ओळखायची खूण सोपी आहे. फुल शर्टाची उजवी बाही मनगटाशी बटण लावून नीट असते, डावी दोन घड्या वर.

आमचे काका भोसरी आणि मग रांजणगाव अशी मिळून तीस वर्षं कारखान्यांत क्वालिटीला होते. तिथे महिन्याला दोन कायझेन द्यायचा दंडक होता. कायझेन म्हणजे सुधारणेची सूचना. नटांचा डबा डावीकडे ठेवला तर चार सेकंद वाचतील, असली. सूचना पसंत पडली की फळ्यावर नाव लागायचं आणि वर्षाअखेरीस स्टीलचा डबा मिळायचा. निवृत्तीनंतर डबे थांबले, सूचना थांबल्या नाहीत. काही महिने त्यांचा मोर्चा काकूंच्या स्वयंपाकघराकडे होता. मसाल्याचा डबा, फोडणीचा क्रम, कुकरच्या शिट्ट्या, सगळ्यांत सेकंद वाचवून झाले. मग साठीला बंगळूरच्या लेकीनं स्मार्टवॉच पाठवलं. काकूंचं ठाम मत आहे की ती भेट काकांना नसून काकूंना होती.

घड्याळाच्या ॲपमध्ये अगदी तळाशी 'सूचना पाठवा' असं एक बटण असतं. माणसं वर्षानुवर्षं ते न बघता सुखानं जगतात. काकांना ते पहिल्याच दुपारी सापडलं.

तेव्हापासून एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात रकाने आखलेत: क्रमांक, तारीख, दोष, उपाय, सद्यःस्थिती. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'प्रलंबित'.

मापाचं साधन आधी तपासायचं आणि मगच वापरायचं, हा क्वालिटीतला पहिला धडा. घड्याळाच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं, आणि परतून येणाऱ्या उजेडातल्या त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. काकांनी हे सगळं वाचून काढलं आणि पट्टा थेट एका दुधी भोपळ्याला बांधला. दुधीचे ठोके बहात्तर भरले. दुधी पंख्याखाली ठेवला, अडुसष्ट. वहीत नोंद झाली: 'दोष: सजीव-निर्जीव भेद नाही.' पण त्या रात्री काकूंनी दुधी चिरायला साफ नकार दिला. "नाडी लागतेय त्याची. मी नाही बाई सुरी लावणार." पावभाजी बाहेरून आली. काकांना ती नको होती, कारण तिच्या कॅलरी घड्याळात टाकताना लोणी वेगळं लिहावं लागतं.

काकूंनी ते घड्याळ आयुष्यात एकदाच घातलं. गौरीजेवणाचा दिवस होता. काका सोवळं नेसून पूजेला बसले, घड्याळ कुठे ठेवायचं म्हणून काकूंनी मनगटावर चढवलं आणि पुरणपोळ्या लाटायला घेतल्या. संध्याकाळी काकांनी ते परत घेतलं तेव्हा पडद्यावर फटाके फुटत होते. चौदा हजार पावलं! बाई ओट्यापासून देवघरापलीकडे गेली नव्हती. काकांचा तोवरचा उच्चांक अकरा हजारांचा, तोही गुडघ्याला तेल चोळून मिळवलेला.

"हे खोटं आहे," काका म्हणाले. "त्याला फक्त हात हलल्याचं कळतं. लाटणं म्हणजे चालणं नव्हे."

"मग उद्या तुम्ही लाटा आणि मी चालून येते," काकू म्हणाल्या.

सूचना क्रमांक एकेचाळीस: 'लाटणे मोड. तातडीचे.' मात्र हाच दोष गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवताना आढळला, तेव्हा काकांनी तो कुठेही कळवला नाही. उलट पाच आरत्या झाल्या आणि लोक प्रसादाकडे बघू लागले की काका डोळे मिटून सहावी सुरू करतात.

काकांच्या सगळ्याच मागण्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत, हे मला कबूल करायला हवं. सोमसूत्री प्रदक्षिणेचंच घ्या. काका सोमवारी वाघेश्वराला जातात. महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. तीर्थ बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते, तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं उलट फिरायचं. घड्याळाला वाटतं, माणूस काहीतरी विसरला म्हणून परत फिरला. ते थरथरून विचारतं, व्यायाम संपवायचा का? काका गाभाऱ्याबाहेर उभे राहून मनगटाला सांगतात, "अरे थांब, अजून दहा आहेत." मागच्या बायकांना वाटतं, म्हातारा देवाशी घासाघीस करतोय. ज्या यंत्राला पोहण्याच्या चार तऱ्हा ओळखता येतात, त्याला प्रदक्षिणेच्या दोन ओळखता येऊ नयेत?

दुसरी रास्त तक्रार केसनंद फाट्याची. तिथे संध्याकाळी सहा ते आठ या वेळात काय असतं ते वाघोलीकरांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळणार नाही. खाणींकडून खडी घेऊन आलेले डंपर, सिमेंटचे मिक्सर, कॉलेजच्या बस, खराडीहून सुटलेली गाड्यांची रांग, आणि त्या सगळ्यांत अॅक्टिव्हावर काका. रक्तदाबाचं कारण समोरच उभं असतं, त्याचा नंबरही वाचता येतो. नेमकं तेव्हाच घड्याळ हळुवारपणे थरथरतं आणि सांगतं, आपण तणावात दिसता, एक खोल श्वास घ्या. "केसनंद फाट्यावर!" काका मला जिन्यात अडवून सांगत होते. "खोल श्वास! अरे, तिथे लोक श्वास धरून सिग्नल पार करतात." सूचना: 'खोल श्वासाचा सल्ला देण्यापूर्वी ठिकाण तपासावे.' मला वाटतं, ही सूचना ज्या कुणाला पोचली असेल त्यानं नकाशात केसनंद फाटा एकदा शोधून पाहायला हवा.

पण वहीतली पहिली सूचना, जी काका दर महिन्याला तारीख बदलून नव्यानं पाठवतात, ती टँकरची. आमच्याकडे पाणी चाकांवरून येतं. ते कधी येईल हे टँकरवाल्यालाही सांगता येत नाही, पण बहुधा रात्री येतं. येताना उलट्या गियरचा तो पीं-पीं आवाज येतो आणि अख्खी बी विंग कुशीवर वळते. काकांची मागणी एवढीच की टँकर बकोरी फाट्याला वळला की मनगट हलकेच थरथरावं. मग ते आपणहून खाली जातील, पट्टी बुडवून टाकीची पातळी मोजतील, वहीत लिहितील. पूर्वी लग्नात घटिकापात्र ठेवायचे. भोकाचं तांब्याचं भांडं पाण्यात सोडायचं, ते भरून बुडालं की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. त्या घड्याळाला अपडेट लागत नसे, फक्त पाणी लागे. वाघोलीत ते चाललं नसतं.

मी एकदा न राहवून विचारलं, "काका, ही मागणी घड्याळवाल्यांकडे कशी करता तुम्ही? टँकरचा आणि त्यांचा संबंध काय?"

काका शांतपणे म्हणाले, "संबंध नाही रे. पण त्यांच्याकडे बटण आहे."

यावर मला बोलता आलं नाही. वाघोलीत राहणारा माणूस पुढच्या अपडेटवरच जगतो. ३० जून २०२१ ला तेवीस गावं एकदम पुणे शहरात आली, त्यांत आम्ही. काका त्याला 'मोठं अपडेट' म्हणतात आणि रात्रीच्या त्या पीं-पींला 'जुनं व्हर्जन'. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ती वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीपर्यंत न्यायला मंजुरी दिली. त्या संध्याकाळी काकांनी सोसायटीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला विचारलं, डाउनलोड व्हायला किती वेळ लागेल?

सुट्टीच्या प्रकरणात तर त्यांनी मला चकित केलं. दहा हजार पावलांचा वसा काकांनी अगदी तापातही मोडला नव्हता. ताप एकशे एक, घड्याळ सांगतंय उठा, आणि काका पांघरूण गुंडाळून हॉलमध्ये येरझाऱ्या घालताहेत. आजारी माणसाला रजा द्यायची सोय घड्याळात नव्हती. मी त्यांना सांगितलं की हे दुःख एकट्या त्यांचं नाही. अॅपलचं घड्याळ २०१५ मध्ये बाजारात आलं, आणि रोजची वर्तुळं पूर्ण न करता एखादा दिवस विसावा घेण्याची मुभा त्यात यायला २०२४ साल उजाडलं. तोवर लोक तापानं फणफणत वर्तुळं भरत होते.

काकांचे डोळे चमकले. "नऊ वर्षं? आणि शेवटी दिली ना रजा? मग बरोबर आहे. आमच्या युनियनला कँटीनच्या चहासाठी अकरा लागली होती."

तेवढ्यावर गप्प बसायचं सोडून मी पुढे बोललो. म्हटलं, मुळात तो दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर १९६५ च्या सुमारास एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मोजमाप. आकडा गोल होता, जाहिरातीत शोभला, जगभर गेला. मला वाटलं काका खचतील. त्यांनी फक्त एकच शब्द ऐकला होता.

"जपानी?" ते म्हणाले. "मग विचार करूनच ठरवला असणार."

काकांच्या कपाटात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं एचएमटी आहे. एचएमटीनं १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनंच बंगळूरला घड्याळं करायला घेतली होती, त्यामुळे काकांचा त्याच्यावर राग नाही. रोज सकाळी किल्ली द्यायची, बस. त्यात सुधारणा म्हणून एवढ्या वर्षांत फक्त पट्टे बदलले. काकू अधूनमधून ते काढून पुसतात आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणतात, "आमच्या बाबांनी दिलेल्या घड्याळानं कधी कुणाला बसल्या जागेवरून उठवलं नाही."

लेकीचं मात्र वेगळंच झालं. पूर्वी ती दररोज रात्री फोन करून तब्येत विचारायची. आता तिच्या मोबाइलवर काकांची झोप, नाडी, पावलं सगळं परस्पर जातं. त्यामुळे विचारायचं काही उरलं नाही. महिन्यातून दोनतीनदा तेवढा एका ओळीचा निरोप येतो, 'बाबा, काल रात्री दोन ते तीन जागे का होतात?' काका उत्तर देतात, 'टँकर.' तिकडून अंगठा येतो.

आणि मग गेल्या महिन्यात खरोखरच अपडेट आलं. रात्री साडेदहाला. काकांनी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि घड्याळ चार्जरवर ठेवलं. चार टक्क्यांवर ते तासभर अडलं. काका शेजारी खुर्ची टाकून बसून राहिले. दोन वाजता टँकर आला, तर घड्याळ सोडून खाली जाववेना. शेवटी काकू गेल्या पट्टी घेऊन. पहाटे पाचला पडदा उजळला. वेळ अजूनही तिसऱ्यांदा बोट सरकवल्यावरच दिसत होती. लाटण्याचा, प्रदक्षिणेचा, टँकरचा मागमूस नव्हता. नवीन एवढंच होतं की डायलवर फुलं आली होती, हात हलवला की हलणारी, आणि चार्जिंग संध्याकाळपर्यंतच टिकू लागलं होतं.

मी सकाळी दूध घ्यायला खाली उतरलो तेव्हा काका पायरीवर बसून फोनवर बोलत होते. रात्रभर ना झोप आली ना ठोके, हे बघून बंगळूरला लेकीचं धाबं दणाणलं होतं. फोन चांगला अर्धा तास चालला. गुडघ्यावरून गाडी पुरणपोळीवर आली, तिथून नातवाच्या पडलेल्या दातावर. काकांनी दोनदा डोळे पुसले आणि घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

संध्याकाळी त्यांनी वही दाखवायला मला वर बोलावलं. सूचना क्रमांक एकशे अठरा, शाई अजून ओली: 'महिन्यातून एखाद्या रात्रीची नोंद गहाळ व्हावी.'

सद्यःस्थितीच्या रकान्यात त्यांनी या वेळी काहीच लिहिलं नव्हतं.